माझ्या वाट्याचे एक एकर

मृग लागला की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघतो. धाकटा भाऊ सकाळच्या चहाला येतो, कप खाली ठेवतो आणि विचारतो, "बाजी, यंदाही तुझी बांधी तशीच ठेवायची का?" तशीच म्हणजे युरियाशिवाय, तणनाशकाशिवाय, फवारणीशिवाय. गेली पाच वर्षे मी "हो" म्हणते आणि तो काही न बोलता उठून जातो. त्याच्या न बोलण्याचा अर्थ मला कळतो. जमीन माझी असली तरी राबतो तो. उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घेण्याचा आमचा करार आहे, त्यामुळे धान कमी झाले तर नुकसान त्याचेही होते.

ही जमीन माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. मरहूम अब्बांची सडक अर्जुनीजवळ साडेतीन एकर धानाची शेती होती, तलावाच्या पाटाखाली. त्यांच्या पश्चात अम्मीचा आठवा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात भावाचे दोन वाटे आणि माझा एक, असा हिशेब झाला. माझ्या वाट्याला एक एकराच्या किंचित वर जमीन आली. नात्यातल्या बऱ्याच जणांनी सुचवले की बहिणीने हक्क सोडावा, नोकरी आहे, कशाला हवी बांधी? मी सोडला नाही. भावानेही तसा आग्रह धरला नाही, हे त्याच्या मोठेपणाचे. सातबाऱ्यावर माझे नाव चढले तेव्हा त्या एका एकराचे नेमके काय करायचे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शेतीतले माझे ज्ञान लहानपणी पऱ्हे उपटायला आणि धुऱ्यावर भाकर पोहोचवायला जायचे, तेवढेच. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण बांधी, धुरा, पऱ्हा, रोवणी, तणस हे शब्द आमच्या उर्दूतही असेच्या असे आहेत. त्यांना दुसरे शब्द आम्हाला कधी लागलेच नाहीत.

मग एका वर्षी सप्टेंबरात भाऊ आजारी पडला. धान पोटरीवर आले होते आणि तुडतुड्यांनी बांधीत जागोजागी करपलेले गोल चट्टे पाडले होते. दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या, एकत्र मिसळून मारा म्हणाला. भावाने तोंडाला रुमाल बांधला, पाठीवर पंप घेतला आणि भर दुपारी, वारा समोरून येत असताना फवारणी केली. संध्याकाळी त्याला मळमळ सुरू झाली, मग उलट्या. डोळ्यांना अंधुक दिसू लागले, तोंडातून लाळ थांबेना. रात्र दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बाटलीवरचे लेबल मागितले, तर लेबल चिखलात भिजून निघून गेलेले. तो वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून अम्मी जे बोलली ते मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "जे अंगावर उडाले तर माणूस असा होतो, ते आपण भातावर टाकून मुलांना वाढतो?"

तिचे म्हणणे शास्त्राच्या काट्यावर तंतोतंत उतरत नाही. फवारणी आणि कापणी यांच्यात ठरलेले दिवस जाऊ दिले, तर औषधाचा बराच अंश ओसरतो. पण ते दिवस मोजतो कोण? आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जे जाते त्याचे काय? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. मरणाऱ्यांत अनेक जण दुसऱ्याच्या शेतात मजुरीने पंप घेऊन फिरणारे होते.

तेव्हापासून मी वर्गात दरवर्षी एक तास वेगळा घेते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. मुले घरी जाऊन मडघरात, गोठ्यात ठेवलेले डबे पाहून येतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, "मॅडम, आमच्याकडे दोन लाल, एक पिवळा." एक मुलगी म्हणाली, आमच्याकडच्या पिवळ्या डब्यात आता पिण्याचे पाणी भरून शेतात नेतात. मी तिच्या घरी गेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्या भगिनींनी आजच एकदा घरातले डबे पाहावेत, एवढी माझी विनंती आहे.

असो. पुढच्या खरिपाला मी भावाला म्हटले, माझ्या एकरात विष नको. तो म्हणाला, "धान नको असेल तर तसे सांग."

त्याची चूक नव्हती. गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचे कोठार. इथे लोक धानाशिवाय दुसरे पीक फारसे घेत नाहीत, आणि हमीभावाच्या केंद्रावर धान क्विंटलच्या हिशेबाने मोजले जाते, त्यात विष किती गेले याच्या हिशेबाने नाही. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतक्या स्वस्तात नत्र देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही. तिच्याशी शेणखताने स्पर्धा करायची म्हणजे काय, ते मी फळ्यावर मांडून पाहिले. धानाला हेक्टरी साधारण १०० किलो नत्राची शिफारस आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असते जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे नुसत्या शेणखतावर भागवायचे तर हेक्टरी वीस टन, एकराला आठ टन खत हवे. गावात आता नांगराचे बैल उरले नाहीत, चिखलणी ट्रॅक्टर करतो. आठ टन आणायचे कुठून? सेंद्रिय शेतीवर भाषण देणारे बहुतेक लोक हे गणित टाळतात.

उत्तर एका वस्तूत नाही, अनेक वस्तूंच्या जोडणीत आहे, हे आम्हाला हळूहळू कळले. पहिल्या पावसाबरोबर बांधीत ढेंचा पेरायचा, चाळीस-पन्नास दिवसांचा झाला की फुलावर येण्याआधी चिखलणीत गाडायचा. ढेंच्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. धुऱ्यावर गिरिपुष्पाच्या काड्या खोचायच्या. त्या वाढल्या की कोवळा पाला छाटून चिखलात तुडवायचा. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ आणून पसरायचा. आमचे अब्बा हे करायचे, आणि त्यांच्या आधीचेही. पूर्व विदर्भातले हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाच्या कारागिरीतून उभे राहिले. नवेगाव बांधचा मोठा जलाशय हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. तलाव पाणी देत होता, मासळी देत होता आणि उन्हाळ्यात खतही देत होता. युरिया आल्यावर गाळ काढणे थांबले, आणि गाळ साचून तलाव उथळ झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आणखी एक देवाणघेवाण सुरू झाली. आमच्याकडे बकऱ्या असतात, ईदसाठी पाळलेले एक-दोन बोकडही. शेजारच्या घरी देशी गायी आहेत. जीवामृतासाठी त्यांच्याकडून शेण-गोमूत्र आमच्याकडे येते आणि आमच्या बकऱ्यांची लेंडी त्यांच्या वांग्या-टमाटरांना जाते. लेंडीखत शेणखतापेक्षा कसदार असते, हे त्यांच्या वांग्यांनीच सिद्ध केले आहे.

जीवामृताची रीत अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी देशभर पोहोचवली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती, हे मिश्रण सावलीत ठेवून रोज ढवळायचे आणि दोन-तीन दिवसांनी एकराला पाण्याबरोबर सोडायचे. हे खत नव्हे, जिवाणूंचे विरजण आहे, असे मी समजते. दुधाशिवाय नुसते विरजण कामाचे नाही, तसे जमिनीत पालापाचोळा, काडीकचरा नसेल तर नुसत्या जीवामृताने धान उगवणार नाही. "शून्य खर्च" हा शब्दही मला खटकतो. बाईमाणसाच्या मेहनतीची किंमत शून्य धरली तरच खर्च शून्य होतो.

किडीसाठी निंबोळी. उन्हाळ्यात मुलांना कडुनिंबाच्या निंबोळ्या वेचायला लावायचे, वाळवून ठेवायच्या. पाच किलो कुटून रात्रभर भिजवल्या आणि गाळून १०० लिटर पाणी केले की पाच टक्क्यांचा अर्क तयार. खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी खाणाऱ्या बारीक गांधीलमाशीची अंडी चिकटवलेला कागद. बांधीत बांबूच्या काठ्या रोवून पक्ष्यांना बसायला जागा. तुडतुड्यांसाठी तर सर्वांत मोठे औषध म्हणजे रोवणी विरळ करणे, दर काही ओळींनंतर पट्टा मोकळा सोडणे, अधूनमधून पाणी काढून देणे आणि युरियाचा मारा थांबवणे. हिरव्यागार, लुसलुशीत, दाट धानातच तुडतुडा वाढतो.

हे सगळे करूनही पहिल्या वर्षी माझ्या एकरात १० क्विंटल धान झाले. शेजारच्या भावाच्या एकरात १८. मी मान वर करू शकले नाही. तणाने जीव घेतला होता. दोनदा निंदण करावे लागले, आणि बायांच्या मजुरीत खत-औषधाची सगळी बचत निघून गेली. भावाचा तोटा मी पगारातून भरला. सगळ्याच शेतकऱ्यांना पगार नसतो, हे लिहिताना मी विसरत नाही. दुसऱ्या वर्षी ११ झाले, तिसऱ्या वर्षी १३, गेल्या वर्षी १५. माती हातात घेतली तर आता फरक कळतो, ती भुसभुशीत झाली आहे, तिला वास आहे. रोवणीच्या वेळी चिखलात गांडुळे दिसतात. धान काढल्यावर ओलीवर टाकलेली लाखोळी आणि जवस भावाच्या बांधीपेक्षा माझ्या बांधीत बरी येते. पण १८ क्विंटल अजून झालेले नाहीत.

एका एकराचा हा हिशेब मोठ्या प्रमाणावर कसा दिसतो? श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली. काही महिन्यांतच भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि वर्ष संपण्याआधी बंदी उठवावी लागली. आपल्याकडे सिक्कीमने उलट वाट धरली. २००३ मध्ये ठराव केला, टप्प्याटप्प्याने रासायनिक खते बंद केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून ते जाहीर झाले. बारा-तेरा वर्षे लागली. तेही किती जमिनीसाठी? सुमारे ७५ हजार हेक्टर, म्हणजे आपल्या एकट्या गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या क्षेत्राहूनही कमी. शिवाय सिक्कीमच्या डोंगरात रासायनिक खत आधीपासूनच कमी जात होते. सिक्कीमचे उदाहरण देताना ही गोष्ट सांगितली पाहिजे.

तरी देशात ही शेती वाढते आहे. निर्यातीसाठी प्रमाणीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. सेंद्रिय शेती करणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या आज जगात सर्वाधिक भारतात आहे. क्षेत्रात मध्य प्रदेश पहिला आणि त्याखालोखाल आपला महाराष्ट्र. २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आली, तिच्यात शेतकऱ्यांच्या गटाला तीन वर्षे मदत मिळते. विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरू झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे मिशन पुढे राज्यभर नेण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले. २०२५ मध्ये यवतमाळचे सुभाष शर्मा यांना पद्मश्री मिळाली. एकेकाळी रासायनिक शेती करून कर्जात गेलेला हा शेतकरी नंतर माती आणि पाणी वाचवण्याच्या मागे लागला. त्यांचे काम आमच्या धानापेक्षा वेगळ्या मातीतले आहे, पण बांधबंदिस्ती करून पावसाचे पाणी शेतातच मुरवण्याचा त्यांचा आग्रह कुठेही लागू पडतो.

हे ज्ञान कुणा एका देशाचे किंवा धर्माचे नाही, हेही मुलांना सांगायला मला आवडते. बाराव्या शतकात अंदलूसमधल्या इश्बिलिया, म्हणजे आजच्या सेव्हिल शहरात इब्नुल अव्वाम नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांच्या 'किताबुल फिलाहा' या ग्रंथात मातीचे प्रकार, कबुतराच्या विष्ठेपासून निरनिराळी खते, ती कुजवण्याची रीत, असे सगळे तपशिलात आहे. इंग्रज अल्बर्ट हॉवर्ड इथे आले ते आपल्या शेतकऱ्यांना आधुनिक शेती शिकवायला, आणि स्वतःच इथल्या शेतकऱ्यांकडून शिकून गेले. इंदूरला काम करताना त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जग आजही इंदूर पद्धत म्हणते.

बियाण्याचीही अशीच गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे जपले, वर्षानुवर्षे निवडत गेले आणि त्यातून तयार झाला एचएमटी तांदूळ. घड्याळाचे नाव मिळालेला हा तांदूळ आज देशभर विकला जातो. दादाजी २०१८ मध्ये गरिबीतच गेले. मी माझ्या एकरात निम्म्यावर एचएमटी आणि निम्म्यावर चिन्नोर लावते. चिन्नोर उंच वाढतो, जास्त खत दिले की लोळतो, म्हणून युरियाच्या काळात तो मागे पडला. कमी खतात तो खूश असतो. शिजताना वास शेजारच्या घरी जातो. अम्मी म्हणते, बरकत वासात असते.

आता विक्रीबद्दल. खरेदी केंद्रावर २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाला २,३६९ रुपये हमीभाव होता. सेंद्रिय धानालाही तोच. त्यामुळे मी तांदूळ भरडून ओळखीच्या घरांना देते, बाजारापेक्षा थोड्या जास्त दराने. उत्पन्न कमी असूनही हातात पडणारा पैसा आता भावाच्या एकराच्या जवळ येऊन ठेपला आहे. पण हे एका एकराला जमते. गावातल्या सगळ्यांनी ठरवले तर एवढ्या ओळखीची घरे कुठून आणायची?

शहरातल्या भगिनींना दोन शब्द. पाकिटावर 'ऑरगॅनिक' छापले म्हणजे माल तसा असतोच असे नाही. प्रमाणपत्राची खूण पाहा: 'जैविक भारत'चे बोधचिन्ह, किंवा शेतकरी गटांच्या सहभागी प्रमाणीकरणाची खूण, ज्याला पीजीएस म्हणतात. त्याहून चांगले म्हणजे शेतकरी ओळखीचा असणे. आणि या तांदळाने मधुमेह जातो, कर्करोग बरा होतो, असे सांगून दुप्पट भावाने विकणाऱ्यांपासून दूर राहा. विषाचा अंश कमी, एवढेच मी खात्रीने सांगेन. पांढराशुभ्र पॉलिश तांदूळ सोडून कमी पॉलिशचा घेतलात, तर पोटाला होणारा फायदा कदाचित त्याहून मोठा असेल.

फायद्यांतला एक मात्र बाजारात मोजला जात नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी टिकून आहेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, तेही पन्नासच्या आत. माणसाएवढा उंच हा पक्षी तलावाकाठी आणि धानाच्या बांधीत घरटे करतो, आणि जोडीने राहतो. तो किडे, गोगलगायी, बेडूक खातो, म्हणजे आपण बांधीत जे फवारतो ते त्याच्या पोटात जाते. सारसांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. गावोगावचे शेतकरी आता घरट्यांची राखण करतात. माझ्या बांधीत सारस आलेला नाही. बेडूक मात्र परत आले आहेत, आणि पाटाच्या पाण्यात पोरांना पुन्हा बारीक मासे सापडतात.

तर यंदा चहाचा कप खाली ठेवल्यावर भाऊ उठला नाही. म्हणाला, पीजीएसच्या गटाला निदान पाच शेतकरी लागतात, गावातले चौघे तयार आहेत. "माझा सातबारा नाही देत, अजून दोन एकराची हिंमत होत नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. पण तुझा दे."

मी झेरॉक्स काढून दिली. परवा तो ढेंच्याचे बी घेऊन आला, तेव्हा पोते माझ्या एकराला लागते त्याहून मोठे होते. उरलेले कुठे टाकणार हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.